काजळ, डिंक आणि कार्बनच्या नळ्या

तेलाच्या दिव्यावर उपडे धरलेले भांडे काही वेळाने काढून पाहिले तर त्याच्या आतल्या बाजूस मऊ, गर्द काळे काजळ जमलेले दिसते. हे काजळ नुसत्या पाण्यात टाकले तर ते पाण्याशी मुळीच सलगी करीत नाही. काही वर तरंगत राहते, काही भांड्याच्या कडेला चिकटते आणि ढवळून ढवळून खाली लोटलेच तर गुठळ्या होऊन तळाशी बसते. परंतु त्याच पाण्यात आधी बाभळीचा डिंक विरघळवावा, त्यात काजळ घालून खलात दीर्घकाळ घोटावे, म्हणजे काजळाची शाई होते. ती महिनोन्महिने काळीभोर राहते आणि बोरूच्या टोकावरून अडखळल्यावाचून उतरते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. ज्या काळी ग्रंथ टिकणे न टिकणे लेखकाच्या हाताइतकेच त्याच्या शाईवरही अवलंबून होते, त्या काळी ही आस्था स्वाभाविकच होती.

काजळाला पाण्यात विखरून धरण्याची ही विद्या कोणा एका देशाची नव्हे. प्राचीन मिसरी लेखक काजळ आणि डिंक वापरीत. चिनी कारागीर डिंकाऐवजी जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस घालून शाईच्या कांड्या पाडीत. गंमत अशी की, चीनमध्ये परिपूर्णतेला पोहोचलेल्या या शाईला इंग्रजांनी मात्र ‘इंडियन इंक’ हे नाव दिले. डिंक नेमके काय करतो, हे यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तो घातला नाही तर शाई फुटते, एवढेच ठाऊक होते. कार्बन पाण्यात एकसारखा कसा पसरावा, हा प्रश्न तीन-चार सहस्रकांनंतर जगातील अत्यंत सुसज्ज प्रयोगशाळांपुढे नव्याने उभा राहिला आणि त्याने तेथील विद्वानांना दहा वर्षे जेरीस आणले. या वेळी काजळाच्या जागी कार्बनच्या नॅनोनलिका होत्या.

या इतिहासाला दुसरी, उलट्या दिशेची एक बाजू आहे आणि ती आपल्या घराघरांत परिचयाची होती. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले की त्यात तुरटीचा खडा फिरवीत, किंवा निवळीचे बी सहाणेवर उगाळून घालीत. घटकाभरात गाळ तळाशी बसे. शाई करणारा कणांना एकमेकांपासून दूर ठेवू पाहतो, तर पाणी निवळणारी गृहिणी त्यांना एकत्र आणू पाहते. दोन्ही क्रियांचे रहस्य एकच आहे, हे उमगण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने १८५७ साली सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखरून माणकासारखे लाल द्रव तयार केले. त्यात किंचित मीठ टाकताच लाल रंग जाऊन निळा येई, आणि मग सोने तळाशी बसे. मीठ सोन्याशी रासायनिक संयोग पावत नाही. तेव्हा हा बदल कण एकत्र आल्यामुळे होत असला पाहिजे, असे त्या चाणाक्ष संशोधकाने ताडले. द्रवात थोडे जेलाटिन असेल तर मिठाचा हा प्रभाव रोखला जातो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. अशा द्रवांना टॉमस ग्रॅहम याने १८६१ साली ‘कोलॉइड’ हे नाव दिले, ज्याला मराठीत आपण कलिल म्हणतो. पुढे शुल्त्से याने १८८२ मध्ये आणि हार्डी याने १९०० मध्ये दाखवून दिले की, कणांना एकत्र आणण्याची क्षाराची शक्ती त्यातील आयनांच्या विद्युत्भारावर अवलंबून असते आणि भार वाढला की ती झपाट्याने वाढते. मिठातील सोडियमवर एक भार, तर तुरटीतील ॲल्युमिनियमवर तीन. मिठाच्या मुठीने न होणारे काम तुरटीच्या लहानशा खड्याने का होते, याचा उलगडा येथे होतो.

डिंकाचे कोडे रिखार्ड झिगमोंडी याने हाती घेतले. फॅरडेचे लाल सोने त्याने मापकासारखे वापरले. अशा १० घन सेंटिमीटर द्रवात १० टक्के मिठाचे १ घन सेंटिमीटर पाणी घातले असता रंग निळा होऊ नये, यासाठी एखादे संरक्षक द्रव्य किती मिलिग्रॅम लागते, तो त्या द्रव्याचा ‘सुवर्णांक’. जेलाटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१ आणि अरबी डिंकाचा ०.१५ ते ०.२५. म्हणजे सोन्याच्या बाबतीत सरसाच्या जातीचे जेलाटिन डिंकाहून कितीतरी पट प्रभावी ठरले. झिगमोंडीला १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चिनी शाईवाल्याने सरस पत्करला आणि मिसरी लेखकाने डिंक, यात कोणाची निवड अधिक डोळस होती, या वादाचा निकाल या आकड्यांवरून लावण्याचा मोह होतो. पण काजळ म्हणजे सोने नव्हे आणि जो तो आपल्या भूमीत पिकेल तेच वापरतो.

याच सुमारास अमेरिकेत एका मनुष्याने कार्बनच्या बाबतीत जे केले, त्याची हकीगत कादंबरीत शोभावी अशी आहे. एडवर्ड गुडरिच ॲचेसन हा तरुणपणी एडिसनच्या हाताखाली काम केलेला कल्पक यंत्रज्ञ. १८९१ साली त्याने कार्बोरंडम हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा पदार्थ विजेच्या भट्टीत बनविला, आणि तोच पदार्थ अधिक तापविला असता त्यातील सिलिकॉन उडून जाऊन शुद्ध ग्रॅफाइट उरते, हेही शोधून काढले. ग्रॅफाइटच्या मुशी करण्यासाठी त्याला चांगली चिकणमाती हवी होती. काही माती मूळ खडकाच्या जागीच राहिलेली असते, तर काही नद्यांनी वाहून आणलेली. दुसऱ्या प्रकारची माती अधिक लवचीक का, हा प्रश्न त्याला पडला. वाहत येताना नदीच्या पाण्यातील झाडपाल्याचा अर्क मातीला लागत असावा, असा तर्क त्याने केला आणि वनस्पतिजन्य टॅनिन, म्हणजे हिरड्यात किंवा बाभळीच्या सालीत असते तसले तुरट द्रव्य, मातीत घालून पाहिले. माती खरोखरच मऊ आणि सुबक झाली. असा प्रयोग पूर्वी कोणी केला आहे काय, हे धुंडाळताना त्याला बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातील गुलाम इस्राएली लोकांची कथा आठवली. विटा थापण्यासाठी त्यांना मिळणारे गवताचे काड फॅरोने बंद केले होते. काड केवळ वीट सांधण्यासाठी घालीत, असा सर्वांचा समज. ॲचेसनने काड पाण्यात उकळले, तो तांबूस अर्क मातीत मिसळला आणि तोच परिणाम साधलेला पाहून आपल्या मातीला ‘इजिप्शियनाइज्ड क्ले’ असे नाव देऊन टाकले.

मिसरी वीटकरांच्या मनात खरोखर काय होते, हे सांगणे अर्थातच इतिहासाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ॲचेसनचा तर्क मात्र सुपीक ठरला. १९०६ मध्ये त्याला अतिशय मऊ ग्रॅफाइट बनविता येऊ लागले, तेव्हा तेच टॅनिन त्याने त्याच्या बारीक पुडीवर वापरले. एरवी पाण्यात क्षणभरही न टिकणारी ती पूड पाण्यात पसरली आणि पसरलेलीच राहिली. गाळणकागदातूनसुद्धा ती काळ्या पाण्यासारखी पार निघून गेली. पाण्यातील या मिश्रणाला ‘ॲक्वाडॅग’ आणि तेलातील मिश्रणाला ‘ऑइलडॅग’ अशी नावे मिळाली. पुढे चित्रवाणीच्या काचेच्या नळ्यांच्या आतील बाजूस जो काळा, विद्युत्वाहक लेप दिला जाई तो ॲक्वाडॅगचाच. चित्रवाणी संच वर्षानुवर्षे त्या लेपावर चालले, पण त्याचे नाव बहुतेकांना ठाऊक नव्हते.

पण कण जवळ येतातच का? द्रवातील कण सदैव हेलकावत असतात आणि एकमेकांवर आदळत असतात, हे आइन्स्टाइनच्या १९०५ च्या गणिताने आणि पेरँच्या प्रयोगांनी सिद्ध झाले होते. आदळल्यावर ते चिकटतात, कारण सर्व द्रव्यकणांमध्ये व्हान डर व्हाल्स या डच पदार्थवैज्ञानिकाच्या नावाने ओळखले जाणारे एक सौम्य आकर्षण असते. कणांवर सारख्याच जातीचा विद्युत्भार असेल तर ते परस्परांना दूर लोटतात. क्षाराचे आयन हा भार झाकून टाकतात आणि आकर्षणाचे फावते. या रस्सीखेचीचे संपूर्ण गणित बोरिस डेर्यागिन आणि लेव लांडाऊ यांनी सोव्हिएत संघात १९४१ साली प्रसिद्ध केले. जर्मन टाचेखाली असलेल्या हॉलंडमध्ये, आइंडहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत, फर्वे आणि ओव्हरबेक हेच गणित स्वतंत्रपणे मांडीत होते. त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. महायुद्धाने दोघांमधील वार्ता तोडली होती. आज त्या सिद्धांताला चौघांच्या आद्याक्षरांनी ओळखतात, हे न्याय्यच आहे. डिंक आणि टॅनिन यांचे काम आता समजते. डिंकाचे लांब रेणू कणाला वेढून जणू त्याला कोपराने वाट करून देतात आणि टॅनिन त्यावर भार चढविते.

इतके ज्ञान हाताशी असताना नॅनोनलिकांनी शास्त्रज्ञांना का छळावे? या नळ्या सोव्हिएत संशोधक रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांच्या १९५२ च्या छायाचित्रांत दिसतात. पण जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले ते जपानमधील सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या निबंधाने. ते त्सुकुबा येथील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. विजेच्या ठिणगीने ग्रॅफाइट जाळले असता जो साका विद्युत्-अग्रावर जमतो, त्यात त्यांना या नळ्या आढळल्या. १९९३ मध्ये एकाच थराच्या भिंतीच्या नळ्याही मिळाल्या. व्यास सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश. लांबी त्याच्या सहस्रपट. पोलादाहून कितीतरी बळकट, वजनाला हलक्या, आणि घडणीप्रमाणे काही धातूसारख्या वाहक, तर काही अर्धवाहक. वर्तमानपत्रांनी त्यांच्यापासून अंतराळापर्यंत नेणारा पाळणा बांधून टाकला! प्रयोगशाळेत मात्र हाती येत होती ती काजळाचीच पूड, आणि ती काजळासारखीच पाण्याला विटलेली.

अडचण आकाराची होती. दोन गोल कण एका बिंदूपाशी स्पर्श करतात. दोन नळ्या साऱ्या लांबीभर एकमेकींना बिलगतात, ओल्या केसांच्या बटेसारख्या. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने १९९६ मध्ये अशा नळ्यांचे व्यवस्थित रचलेले दोर दाखविले होते. त्यांच्याच गटाच्या हिशेबाने दोन नळ्या एक मायक्रोमीटर लांबीभर चिकटलेल्या असल्या तर त्यांना सोडविण्यास सुमारे ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. खोलीच्या तपमानाला रेणूंच्या हेलकाव्यातून मिळणारी ऊर्जा एक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे लागणारी ऊर्जा तिच्या वीस हजार पट. खलबत्त्याने हे होणारे नव्हते.

तेव्हा खलाच्या जागी श्राव्यातीत ध्वनी आला. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या या ध्वनीने पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि फुटतात. फुटताना दोराचे टोक किंचित उसवते. उसवलेल्या फटीत साबणासारखे एखादे द्रव्य शिरले की ती फट पुन्हा मिटत नाही, आणि नळी हळूहळू दोरापासून सुटी होते. पण या उपायाला किंमत मोजावी लागते. फार वेळ ध्वनी दिला तर नळ्या तुटून आखूड होतात, आणि त्यांचे मोल तर लांबीतच असते. दोर ठेवावा की लांबी घालवावी, या पेचातून पुष्कळसे संशोधन जन्मले. शिवाय नळ्यांवर चढलेले साबण वीज वाहू देत नाही. लेप सुकल्यावर ते धुऊन काढण्याचे काम उरतेच. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ २००० साली फिलिप पुलाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीचाच उपयोग केला. साबणाच्या पाण्यात पसरलेल्या नळ्या त्यांनी दुसऱ्या एका बहुवारिकाच्या वाहत्या द्रावणात सोडल्या. तेथे त्या मुद्दाम साकळल्या आणि त्यांचा धागा झाला.

२००२ हे वर्ष या इतिहासात मोठे मानावे लागेल. राइस विद्यापीठातील संशोधकांनी नळ्या सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणद्रव्याच्या पाण्यात ध्वनीने विखरल्या आणि ते पाणी गुरुत्वाकर्षणाच्या १,२२,००० पट बलाने चार तास गरगर फिरविले. दोर जड म्हणून तळाला गेले, सुट्या नळ्या वर राहिल्या. त्या वरच्या पाण्यावर प्रकाश टाकताच ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने उजळले. तोवर कोणाला हे का दिसले नव्हते? सरासरीने तीनातील एक नळी धातूसारखी असते, आणि दोरात एक जरी धातुसदृश नळी असली तरी ती शेजारणींचा प्रकाश गिळून टाकते. नळ्या सुट्या झाल्या तेव्हाच प्रत्येकीचा प्रकाश निराळा दिसला, आणि त्या प्रकाशावरून तिची घडण ओळखता येऊ लागली. नीट विखुरणे ही केवळ कारागिरीची बाब नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले, कारण विखुरल्यावाचून त्या वस्तूचे ज्ञानच होत नव्हते. नॅनोनलिकांच्या इतिहासात १९९१ ला जो मान दिला जातो, त्याचा मोठा वाटा खरे पाहता २००२ ला मिळावयास हवा.

त्याच वर्षी इस्राएलमधील बेन गुरियन विद्यापीठातून एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक होते राजदीप बंदोपाध्याय. त्यांनी पुढे मुंबईत पवईच्या आयआयटीत रसायन-अभियांत्रिकीचे अध्यापन केले. या गटाने नळ्या सुट्या ठेवण्यासाठी वापरलेले द्रव्य होते अरबी डिंक! बाभळीच्याच कुळातील झाडाचा हा रस नळ्यांना वेढून बसला आणि त्या पाण्यात एकेकट्या राहिल्या. मिसरी लेखकाच्या दौतीतली कृती, खलाऐवजी ध्वनी घेऊन, जशीच्या तशी चालली.

पुढची वाटचाल वेगाने झाली. २००३ मध्ये कपडे धुण्याच्या भुकटीतील एका द्रव्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अधिक दाट मिश्रणे साधली. त्याच वर्षी ड्यूपाँ कंपनीच्या संशोधकांनी आनुवंशिकतेचा धागा असलेल्या डीएनएची एकेरी साखळी नळीभोवती गुंडाळून तिला पाण्यात आणले. २००६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आर्नल्ड आणि हर्सम यांनी पित्तातील क्षार वापरले. शरीरात जे चरबीला पाण्यात मिसळते, ते येथे नळीला मिसळू लागले, आणि वेगवेगळ्या जाडीच्या नळ्यांवर ते इतक्या ठरावीक रीतीने बसते की, फिरत्या नळकांड्यात वाहक आणि अर्धवाहक नळ्यांचे थर वेगवेगळे पडले.

राइसमध्ये मात्र काहींनी साबणाचा मार्गच सोडला. गंधकाम्लाहूनही तीव्र अशा आम्लात नळ्यांवर धनभार चढतो आणि त्या आपोआप एकमेकींना लोटतात. ध्वनी नको, तुटणे नको. क्लोरोसल्फॉनिक आम्लात त्या साखर पाण्यात विरघळावी तशा खऱ्या अर्थाने विरघळतात, असे या गटाने २००९ मध्ये दाखविले, आणि २०१३ मध्ये अशा द्रावणातून धातूसारखी वीज वाहणारे बळकट तंतू कातले. या कामाचा आग्रह धरणारे स्मॉली २००५ सालीच निवर्तले होते. अंतराळाचा पाळणा काही बांधला गेला नाही. नळ्यांना मोठी मागणी आली ती साध्या जागी, म्हणजे लिथियमच्या विद्युत्घटांत. तेथे द्रवात नीट विखुरलेल्या नळ्या घटाच्या लेपात मिसळतात, आणि जेथे कार्बनची काळी पूड बरीच लागे तेथे त्या थोड्या प्रमाणात पुरतात. विखुरणे कच्चे राहिले तर मात्र हा फायदा हातचा जातो.

मात्र नळ्या विखुरण्यात यश आले तसा एक नवा प्रश्नही उभा राहिला. २००८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लांब, ताठ नॅनोनलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या, तेव्हा तेथे ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होतो तसा दाह झाला. मग कारखान्यांतून नदीत गेलेल्या नळ्यांचे काय होईल? पाण्याला विटलेला कार्बन लवकरच गाळात बसेल, असे मानणे सोपे होते. अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रविद्यालयाच्या गटाने २००७ मध्ये ते पडताळून पाहिले. जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांमधून वाहणाऱ्या सुवॉनी नदीचे पाणी कुजलेल्या पानांच्या अर्काने चहासारखे तांबूस असते. त्या पाण्यात ढवळलेल्या नळ्या प्रयोगशाळेतील साबणाच्या पाण्यापेक्षाही चांगल्या पसरल्या. पुढच्याच वर्षी लिन आणि शिंग या संशोधकांनी नळ्यांना पाण्यात धरून ठेवण्यातील टॅनिक आम्लाची भूमिका तपासली. ॲचेसनने शतकापूर्वी मातीत आणि ग्रॅफाइटात घातले होते, त्याच जातीचे ते द्रव्य. सुवॉनीच्या पाण्याची ती बाटली महिना उलटला तरी काळीच होती.